टाचेवरचा भार

इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगणा कित्येक पिढ्या पुरुषांच्या जोड्यांवर जगला. तेथील फुटबॉलच्या संघालादेखील लोक 'कॉब्लर्स', म्हणजे जोडे शिवणारे, याच नावाने हाक मारतात. या परगण्यातील अर्ल्स बार्टन नावाच्या गावी डब्ल्यू. जे. ब्रुक्स हा वडिलोपार्जित कारखाना होता. जाड तळव्याचे, काळे-तपकिरी, आयुष्यभर टिकावेत असे पुरुषी जोडे तेथे तयार होत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पौंड महागला, परदेशी स्वस्त मालाचा लोंढा आला आणि टिकाऊपणाला गिऱ्हाईक उरेना. कारखान्याचे चालक स्टीव्ह पेटमन कामगार कमी करीत चालले होते. अशा वेळी फोकस्टन येथील एका दुकानातून त्यांना दूरध्वनी आला: पुरुषांच्या मापात बायकी घाटाची, उंच टाचांची पादत्राणे करून द्याल काय? पेटमन यांनी ती केली. मालाच्या पुस्तिकेसाठी स्वतःच्या पायांवरचे केस काढून, ते बूट स्वतः घालून छायाचित्रेही काढून घेतली. १९९९ साली बीबीसीने या घटनेवर एक माहितीपट दाखविला. त्यावरून २००५ साली ज्युलियन जॅरल्ड दिग्दर्शित 'किंकी बूट्स' हा चित्रपट निघाला, आणि चित्रपटावरून त्याच नावाचे संगीत नाटक रचले गेले. ते २०१२ साली शिकागोत व २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. संहिता हार्वी फायरस्टीन यांची, पदे व संगीत सिंडी लॉपर यांचे. सहा टोनी पारितोषिके मिळवून न्यूयॉर्कचा तो प्रयोग २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबला. लंडनच्या प्रयोगाचे चित्रीकरणही झाले असल्याने आमच्यासारख्या दूरस्थ रसिकांना तो पाहण्याची सोय झाली आहे.

पुरुषाने उंच टाचेचा बूट घालून चारचौघांत जावे, या एका गोष्टीभोवती ही दोन्ही कामे उभी आहेत. विषय ऐकताच कोणी हसेल, कोणी नाक मुरडील. आमच्या परिषदेच्या पत्रिकेत याला जागा कशासाठी, असेही एखादा ज्येष्ठ सभासद विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की, ज्या समाजाने नऊवारीतल्या पुरुषाला डोक्यावर घेऊन आपली रंगभूमी घडविली, त्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार इतर कोणाहून कमी नाही. मात्र तो अधिकार वापरताना आपण नेमके काय डोक्यावर घेतले होते आणि काय घेतले नव्हते, हेही तपासावे लागेल.

नावाविषयी आधी दोन शब्द. 'किंकी' या विशेषणाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'चावट' म्हटले तर फार हलके होते, 'विकृत' म्हटले तर फार जड. 'टाच' या शब्दाने मात्र मराठी मनुष्याला आयतीच गंमत मिळते. आमच्या जुन्या कचेरीच्या भाषेत 'टाच येणे' म्हणजे जिंदगीवर जप्ती येणे. या कथेतल्या कारखान्यावर अशी एक टाच येऊ घातलेली असते आणि ती दुसऱ्या टाचेने टळते. इंग्रज लेखकांच्या हाती हा श्लेष नव्हता, हे त्यांचे दुर्दैव.

उंच टाच ही मुळात बायकी वस्तू नव्हे, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. इराणी घोडेस्वार टाचेचे जोडे घालीत. रिकिबीत पाय अडकवून उभे राहिल्यावर ती टाच पावलाला घसरू देत नसे आणि बाण सोडणे सोपे जाई. १५९९ साली शहा अब्बास याने युरोपातील दरबारांकडे आपले वकील रवाना केले. त्या सुमारास इराणी गोष्टींचे कौतुक तिकडे वाढले आणि टाचेचा जोडा सरदारांच्या पायांत गेला. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवी, आणि त्या लाल रंगाचा मान दरबारी मंडळींपुरता राखलेला असे. रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेले त्याचे भव्य चित्र लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्यात साठी उलटलेला हा राजा झगा बाजूला सारून आपल्या मोज्यांतल्या पोटऱ्या आणि तांबड्या टाचा असा दाखवितो आहे की, पाहणाऱ्याने त्यावरूनच त्याची सत्ता ओळखावी. त्याला संकोच नव्हता, कारण चेष्टा करू शकेल असा कोणी भोवती नव्हता. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी रेशीम, कलाबूत, रंग आणि टाच हे सारे हळूहळू स्त्रियांकडे सोपवून दिले व आपण काळ्या कोटात शिरले. तेव्हा आज जो पुरुष टाच घालू पाहतो, तो पुरुषांनीच टाकून दिलेली वस्तू परत मागतो आहे. एवढा इतिहास पुरे. चित्रपटात तो येत नाही आणि त्यावाचून चित्रपटाचे काही अडलेलेही नाही.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. वडील अकस्मात वारल्यामुळे चार्ली प्राइस या तरुणाच्या गळ्यात बुडता कारखाना पडतो. लंडनमध्ये एका रात्री काही गुंड एका स्त्रीच्या वाटेला गेलेले पाहून तो मदतीला धावतो आणि त्या झटापटीत स्वतःच तिच्या बुटाचा मार खाऊन आडवा होतो. ती स्त्री म्हणजे सोहो भागातील रंगमंचावर स्त्रीवेशात गाणारा एक पुरुष: रंगमंचावरचे नाव लोला, जन्मनाव सायमन. तिच्या बुटाची टाच मोडते, कारण तो बूट स्त्रीच्या वजनासाठी बेतलेला आहे. चार्लीच्या डोक्यात व्यवसाय येतो तो येथून. पुरुषाचा भार पेलील अशी उंच टाच बाजारात कोणी करीत नाही, आणि आपल्याजवळ जोडे करणारे हात आहेत.

या चित्रपटात आम्हांला जे सर्वांत मोलाचे वाटते ते येथे आहे. पुरुषाने टाच घालण्याचा प्रश्न म्हटला की लेखक सहसा मनाकडे धाव घेतात: धैर्य, न्यूनगंड, स्वतःचा स्वीकार वगैरे. हा चित्रपट प्रथम सामानाकडे पाहतो. लोलाचा धीर कमी पडत नाही. टाच कमी पडते. आणि हे काही रूपक नव्हे, सरळ वजनाचे गणित आहे. पाऊल टाकताना क्षणभर सगळा देह नखाएवढ्या जागेवर तोललेला असतो. आतून पोलादी सळईचा आधार दिल्यावाचून इतकी बारीक टाच स्त्रीचाही भार सहन करीत नाही. मग ऐंशी-नव्वद किलोच्या, रुंद पावलाच्या, वर नाचणाऱ्या पुरुषाचे काय? साचा नव्याने कोरावा लागतो, पावलाच्या कमानीखालचा भाग बळकट करावा लागतो, पोटरीचा घेर बदलावा लागतो. कारखान्यातील दृश्ये नॉर्थॅम्प्टनच्याच ट्रिकर्स या जुन्या जोड्यांच्या कारखान्यात चित्रित झाली आहेत. कातडे कापणारे हात, साच्यावर ताणलेली कड, ठोकलेला खिळा हे सारे कॅमेरा रमून पाहतो, आणि त्यामुळे पुढच्या भावनांना एक वजन येते. चार्ली जो पहिला नमुना करून नेतो तो गडद तांबूस, ठेंगणा, पायाला सुखाचा असा असतो. लोला त्याची जी संभावना करते ती मुळातूनच पाहावी. तिला सोय नको आहे, तिला लाल हवा आहे. भल्या मनुष्याने दुसऱ्याच्या हौशीला स्वतःच्या समजुतीचे माप लावले की काय होते, हे एवढ्या थोड्या वेळात आणि इतक्या हसतमुखाने फार थोड्या चित्रपटांनी दाखविले असेल.

येथे एक भाषिक अडचण नोंदवितो. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत 'आली' की 'आला' हे ठरविल्यावाचून एक वाक्य पुरे होत नाही. आमच्या संगीत नाटकांच्या वेळी प्रेक्षकांनी ही अडचण मोठ्या सहजतेने सोडविली होती: रंगमंचावर रुक्मिणी आली, आणि प्रयोगानंतर नारायणराव जेवावयास गेले. आम्हीही तोच रिवाज पाळतो. उंच टाचेत आणि झग्यात ती लोला. विजारीत तो सायमन. चित्रपटातील माणसेही साधारण असेच वागतात, आणि हा रिवाज जेथे मोडतो तेथेच खरे नाट्य घडते.

ते कसे, हे पाहण्यासाठी आधी आपल्या घरात डोकावू. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, यांनी १९११ मध्ये 'मानापमाना'तील भामिनी, १९१६ मध्ये 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि १९१९ मध्ये 'एकच प्याल्या'तील सिंधू उभी केली. त्यांच्या लुगड्यांची, अंबाड्याची, पदराच्या ठेवणीची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे आपण आजी-पणजीकडून ऐकत आलो आहोत. गुजरातेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याच पिढीतील जयशंकर 'सुंदरी' यांचेही नाव परके नाही. एका भूमिकेचे नाव त्यांना जन्मभर चिकटले आणि त्यांनी ते भूषण म्हणून वागविले. भवाईतल्या स्त्रीवेशधारी पुरुषाला तर 'कांचळिया' असे वेगळे नावच आहे. म्हणजे स्त्रीवेशातल्या पुरुषाकडे आदराने पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नव्हती, असे कोणी म्हणू नये. पण त्या आदराला एक चौकट होती, आणि ती चौकट पडद्याच्या दोरीने आखलेली होती. पडदा पडला की कोट, टोपी आणि धोतर. रुक्मिणीला ज्याने 'वन्स मोअर' दिला, तोच गृहस्थ तो शालू सकाळी बाजारात, दिवसाउजेडी, पुरुषाच्या अंगावर पाहता तर काय म्हणता, हे सांगण्यास ज्योतिषी नको. आपण कलावंताला परवाना दिला होता. तो कलेचा होता आणि रंगमंचापुरता होता. त्या मनुष्याच्या इच्छेचा त्यात प्रश्नच नव्हता.

लोलाची स्थिती नेमकी याच्या उलट आहे, आणि चित्रपटाने ती फार नेमकी पकडली आहे. सोहोच्या रंगमंचावर, शेकडो लोकांपुढे ती निर्भय आहे. कारखान्यात पहिल्याने आल्यावर कामगारांचे हसे पाहून दुसऱ्या दिवशी तो साध्या विजारीत, सायमन म्हणून येतो, आणि त्याची वाचाच बसते. तो शौचगृहात जाऊन दडतो. चार्लीला दाराबाहेरून त्याच्याशी बोलावे लागते. चिवेटल इजिओफोर या नटाने हा प्रसंग असा केला आहे की, त्याचे रुंद खांदे विजारीत आल्यावर अरुंद झालेले दिसतात. टाच घालण्यास धैर्य लागते, असे आपण समजून बसलो होतो. येथे टाचच धैर्य देते आहे, आणि ती काढून घेतल्यावर उभे राहणे कठीण होते आहे. वडिलांनी लहानपणी ज्यासाठी झिडकारले, तेच त्याचे बळ झाले आहे. चित्रपटाच्या आरंभी समुद्रकाठी तांबडे जोडे घालून नाचणारे जे मूल दिसते, त्याचा अर्थ येथे उलगडतो.

मग 'चारचौघांत' म्हणजे कोठे? चित्रपटाचा शेवट मिलान शहरातील पादत्राणांच्या प्रदर्शनात होतो. लोलाशी भांडण झालेले, दाखविण्यास माणूस नाही, म्हणून चार्ली स्वतःच ते उंच बूट चढवून, वर सदरा-कोट आणि खाली विजार नसलेला असा, उजेडाच्या पट्टीवर चालू लागतो आणि कोसळतो. प्रेक्षक हसतात, मग लोला आपल्या मंडळींसह येऊन बाजी सावरते. प्रसंग रंगतो, यात शंका नाही. पण ते प्रदर्शन आहे, म्हणजे पुन्हा एक रंगमंचच. तेथे विक्षिप्त वेश घालणे हा रीतसर व्यवहार आहे. खरी कसोटी त्याच्या आधी एका उपाहारगृहात होऊन गेलेली असते. चार्लीने लोलाला तेथे बोलावलेले असते. ती पूर्ण नटूनथटून, टाचा वाजवीत येते. भोवतालची टेबले वळून पाहतात. त्या दिवशी वाग्दत्त वधूच्या वागण्याने आधीच दुखावलेला चार्ली त्या नजरांनी असा भाजून निघतो की, लोलाला नको ते बोलतो, पुरुषासारखा पुरुष असून हा वेश कशाला, असे ऐकवितो. कारखान्यात तिच्याशी त्याचे जमते, व्यवहारात तिच्यावर त्याचा विश्वास आहे. पण चार अनोळखी माणसे जेवीत असलेल्या जागी तिच्या शेजारी बसणे त्याला जमत नाही. टाच लोलाच्या पायात आहे, आणि तोल चार्लीचा गेला आहे. आमच्या मते या सबंध चित्रपटाचे केंद्र हे दृश्य आहे. दुर्दैवाने लेखकांना ते केवळ मिलानकडे नेणारा जिना वाटले. चार्लीने पुढे बूट घालून पडावे, हे त्याचे प्रायश्चित्त म्हणून ठीक. पण त्या उपाहारगृहात, त्याच टेबलाशी, त्याच नजरांत ती दोघे परत जाऊन बसली असती तर प्रायश्चित्ताला अर्थ आला असता.

आता आमचा मुख्य आक्षेप. कारखान्यात डॉन नावाचा एक दांडगा कामगार आहे. लोलाची सर्वांत जास्त टवाळी तो करतो. चित्रपटात त्या दोघांची पंजा लढविण्याची पैज लागते. लोला सहज जिंकू शकत असते, पण सोबत्यांदेखत त्याची लाज जाऊ नये म्हणून मुद्दाम हरते. संगीत नाटकात याचीच मुष्टियुद्धाची लढत केली आहे, कारण तेथे लोलाच्या वडिलांनी तिला मुष्टियोद्धा म्हणून तयार केलेले असते. प्रसंग मनोहर आहे. पराजयातला मोठेपणा आम्हांलाही भावला. पण त्याच्या तळाशी काय आहे, हे पाहिले पाहिजे. टाच घालणारा पुरुष प्रेक्षकाने आपला मानावा, यासाठी लेखकाने आधी त्याच्या दंडाचा दाखला हजर केला आहे. तो मनात आणील तर डॉनला लोळवील, हे कळल्यावरच डॉन त्याला मान देतो. आणि आम्ही खुर्चीत बसलेले प्रेक्षकही, खरे बोलायचे तर, त्याच क्षणी निश्चिंत होतो.

गंमत अशी की, आमच्या मराठीतही हेच घडले आहे. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला चित्रपट २०१० च्या आरंभी आला. गुणा कागलकर हा शेतमजूर पैलवानी देहाचा. तमाशाचे वेड त्याला स्वस्थ बसू देत नाही. फड उभा राहतो, पण फडाला नाच्या हवा, आणि तो मिळत नाही. शेवटी स्वतः गुणाच कमरेत वाकतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी देहाचे जे रूपांतर केले, त्याचे कौतुक सर्वांनी केलेच आहे. इंग्रज चित्रपटाहून 'नटरंग' एका बाबतीत फार पुढे आहे: पडद्याबाहेर काय होते, ते तो डोळे न मिटता दाखवितो. फडात टाळ्या घेणाऱ्या गुणाला गावात हिणवतात, गुंड त्याच्या देहाची विटंबना करतात, बायको-पोर दुरावतात. आमच्या रंगभूमीच्या सुवर्णकाळाच्या आठवणींत न येणारी बाजू त्यात आली आहे. पण तेथेही दाखला आहेच: हा मूळचा पैलवान आहे बरे का, कलेसाठी नाच्या झाला आहे. गुणाला ते हावभाव आवडतात की नाही, हा प्रश्न कथेत उठतच नाही. तो कलेचा त्याग म्हणून ते सोसतो. लोलाला मात्र लाल टाच आवडते. कोणत्याही थोर कारणावाचून, नुसतीच आवडते. या एका बाबतीत नॉर्थॅम्प्टनचा चित्रपट कागलच्या गुणाच्या पुढे गेला आहे. एकाने किंमत दाखविली, दुसऱ्याने आवड दाखविली. दोन्ही एकत्र दाखविणारी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही.

मग जो पैलवानही नाही आणि मुष्टियोद्धाही नाही, कलावंतही नाही, त्याचे काय? एखादा कारकून, एखादा औषधांचा दुकानदार, ज्याला उंच टाचेचा जोडा घालून सकाळी कामावर जावेसे वाटते? २०२० च्या सुमारास जर्मनीत राहणाऱ्या एका अमेरिकन अभियंत्याची हकिकत जगभरच्या वृत्तपत्रांत आली. हे मध्यमवयीन गृहस्थ उंच टाचा व तोकडा घागरा घालून रोज कचेरीत जातात, बाजारहाट करतात. कपड्याला लिंग नसते, असे त्यांचे साधे म्हणणे. आम्ही त्या बातम्या वाचल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गृहस्थ विवाहित आहेत, त्यांना स्त्रियाच आवडतात, त्यांना मोटारींचा शौक आहे, हे बहुतेक बातम्यांत अगत्याने सांगितलेले. पुन्हा दाखला! टाचेला टाच म्हणून कोणी पाहीना. नाटककाराने याच घाईतून आपल्याला सोडवावयाचे असते, आणि 'किंकी बूट्स'चे लेखक तेथे वृत्तपत्रांच्याच रांगेत जाऊन उभे राहतात.

स्त्रियांची बाजूही राहून जाते. ज्या वर्षांत न्यूयॉर्क-लंडनचे प्रेक्षक टाच चढविणाऱ्या पुरुषासाठी उभे राहून टाळ्या वाजवीत होते, त्याच वर्षांत स्त्रिया टाच उतरविण्याचा हक्क मागत होत्या. लंडनमधील एका स्वागतिकेला सपाट जोडे घालून आली म्हणून घरी पाठविण्यात आले. त्यावरून निघालेल्या अर्जावर दीड लाखांच्या वर सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा झाली. जपानातही २०१९ साली अशीच चळवळ उठली. चवडे दुखणे, पोटरीचा स्नायू आखडणे, गुडघ्यावर ताण हे सारे स्त्रियांनी नोकरीची अट म्हणून सोसले आहे. एकाला जी मौज ती दुसरीला वेठ. चित्रपटातील कारखान्यात इतक्या बाया काम करतात, पण त्यांतली एकही आपल्या दुखऱ्या पावलांविषयी बोलत नाही, हे आम्हांला खटकले. बोलली असती तर लोलाशी तिचे किती वेगळे नाते जुळले असते! अमेरिकेत २००१ पासून पुरुषांनी टाचेचे जोडे घालून मैलभर चालण्याचे उपक्रम होत आले आहेत. स्त्रियांवरील अत्याचारांचा निषेध हा त्यांचा हेतू, आणि तो सद्हेतूच. पण तेथे पुरुष लडखडतो, हसतो, छायाचित्र काढून घेतो आणि मैल संपल्यावर आपले जोडे घालतो. स्त्रीची नोकरी मैलाच्या शेवटी संपत नाही.

संगीत नाटकाविषयी थोडे. सिंडी लॉपर यांची पदे उत्साहाने भरलेली आहेत, आणि शौचगृहातील तो प्रसंग पदात रूपांतरित करताना त्यांनी व फायरस्टीन यांनी जो संयम राखला आहे, तो प्रशंसनीय आहे. बापाच्या मनातला मुलगा आपण होऊ शकलो नाही, हे दुःख तेथे चार्ली आणि लोला दोघांचे होते. जोड्यांच्या कारखानदाराचा मुलगा आणि मुष्टियोद्ध्याचा मुलगा एका बाकावर येतात. बिली पोर्टर यांना या भूमिकेसाठी टोनी मिळाले ते रास्तच. पुढे चाकाच्या खुर्चीतील वृद्ध बापापुढे लोला गाते, तेव्हा डोळे ओलावतात. थोडे ठरवून ओलावतात, हेही खरे. पण अखेरीस साऱ्या पात्रांच्या पायांत लाल बूट येतात आणि उपदेशाच्या कलमांची यादी तालावर गायिली जाते, तेव्हा आम्हांला आमच्याकडील बोधपर नाट्यछटांची आठवण झाली. सगळ्यांनीच टाच घातल्यावर टाच घालण्यात काय उरले? एकट्याने घालण्यातच तो भार होता. चित्रपटात डॉन बदलतो तो थोडासाच, आणि आतल्या आत. नाटकात तो नाचू लागतो. आम्ही थोड्या बदलाच्या बाजूचे आहोत.

प्रत्यक्षातील कारखान्याची गोष्ट चित्रपटाने सांगितलेली नाही. ब्रुक्सच्या त्या उंच बुटांनी काही काळ आधार दिला, पण २००० सालाच्या आसपास तेथील उत्पादन थांबले. म्हणजे पडद्यावर कारखाना तरला तेव्हा अर्ल्स बार्टनमध्ये तो राहिलेला नव्हता. पहिल्या टाचेने दुसरी टाच कायमची टळली नाही. हे दाखविण्याचे धैर्य लेखकांनी केले असते तर चित्रपट कमी चालला असता, आणि कदाचित संगीत नाटकही झाले नसते.

आमच्या नाट्यशाखेतील तरुण मंडळी दर वर्षी एखाद्या परकी कृतीचे रूपांतर शोधत असतात. त्यांपैकी कोणी ही कृती हाती घेतलीच, तर संगीत नाटकाऐवजी चित्रपटाकडे जावे, असे आम्ही सुचवू. पंजा वगळावा; दंडाच्या दाखल्यावाचून लोला उभी राहते का, ते पाहावे. मिलान वगळले तरी चालेल. उपाहारगृह मात्र ठेवावे, आणि तेथील टेबले प्रेक्षकांत मांडता आली तर अधिक बरे. आणखी एक छोटा प्रसंग ठेवावा: नॉर्थॅम्प्टनमध्ये लोला ज्या घरी खोली घेऊन राहते, तेथील वृद्ध घरमालकीण तिला, तू पुरुष आहेस का, एवढेच विचारते. होकार येतो. शौचगृहातील झाकण वर ठेवायचे की खाली, एवढीच बाईंची पंचाईत असते. ती मिटते आणि त्या आपल्या कामाला लागतात. या भूमिकेसाठी आमच्याकडे नटी मिळण्यास अडचण पडू नये. अशा आजीबाई आमच्या वाड्यांतून अजून आहेत.